किल्ली कार्यालयात राहील

आमच्या शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, एक तक्ता टांगलेला होता. चित्रकलेच्या मास्तरांकडून त्यांनी तो मुद्दाम रंगवून घेतला होता. सगळ्यात वर संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्याखाली चिटणीस, मग मुख्याध्यापक, मग पर्यवेक्षक, मग आम्ही सहायक शिक्षक, आणि अगदी तळाला एका लांबट चौकटीत ‘विद्यार्थी’. चौकटींना जोडणारे बाण होते. वर जाणारे निळे, खाली येणारे तांबडे. मी रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला त्या तक्त्यासमोर उभं केलं आणि छडीचं टोक माझ्या चौकटीवर ठेवलं.

“बाई, तुम्हाला काहीही सांगायचं असेल तर पर्यवेक्षकांना सांगायचं. ते मला सांगतील, मी चिटणिसांना सांगेन. मधली पायरी गाळायची नाही. खालून वर जाते ती विनंती आणि वरून खाली येतो तो निर्णय.”

ते पुण्याकडचे होते. बोलणं स्वच्छ, धोतर स्वच्छ, टेबलावर धुळीचा कण नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता; आमच्या भागाचे कागद आधी नागपूरला जात, मग मुंबईला जायला लागले, आणि या गोंधळात नियम नेमका कुठला हे कुणालाच धड माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांना मात्र सगळं माहीत असायचं. मला तो तक्ता आवडला होता, खोटं कशाला बोलू? धामणगाव बढ्याला आमच्या घरी वडील, काका, आत्या सगळेच एकदम बोलायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं व्हायचं. मुलीच्या बोलण्याला तर वर जायची वाटच नव्हती. इथे निदान माझ्या चौकटीतून एक निळा बाण निघत होता. मी मनातल्या मनात त्या बाणावर फार भिस्त ठेवली.

शाळा संग्रामपूरच्या अलीकडच्या एका मोठ्या गावात होती. उत्तरेला सातपुडा दिसायचा आणि समोर रस्त्यापलीकडे एस.टी.चा थांबा, त्याला लागून पार. त्या पारावर गावातली रिकामी माणसं दिवसभर बसलेली असत. शाळेत मुलगे पुष्कळ, मुली आठ-दहा. बाईमाणूस म्हणून नोकरीला मी पहिलीच.

आता मूळ गोष्ट सांगते. ती सांगताना आजही माझा आवाज खाली येतो आणि त्याचा मला रागही येतो. शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. मुलग्यांसाठीही नव्हती म्हणा, पण त्यांना मागचा नाला होता आणि लाजही नव्हती. मुली आणि मी मधल्या सुटीत शाळेमागच्या कपाशीच्या शेतात जायचो. कपाशी कमरेएवढी आणि मधूनमधून तुरीच्या ओळी त्याहून उंच. एकीनं बांधावर उभं राहायचं, बाकीच्यांनी जायचं. श्रावणापासून माघापर्यंत आमची शाळा अशी सुखात चालायची. मग वेचणी संपली की शेतवाला पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायचा, तूर कापायचा, आणि शाळेच्या बाजूनं थेट रस्त्यापर्यंत रान उघडं पडायचं. त्या आठवड्यापासून मुली एकेक करून घरी बसायच्या. हजेरी घेताना पहिल्या वर्षी मला वाटलं, लग्नसराई आहे. दुसऱ्या वर्षी कळलं.

कळलं ते एका मुलीमुळे. ती मळ्यातली होती; घरी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि बाजाराच्या दिवशी आई-बाप टोपल्या घेऊन बसायचे. गणितात तिचा हात धरणारा मुलग्यांत कुणी नव्हता. त्या वर्षी ती मॅट्रिकला होती आणि आमच्या शाळेतून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच मुलगी ठरणार होती. मीच तिच्या घरी जाऊन वडिलांना राजी केलं होतं, फॉर्म भरून घेतला होता. दिवाळी झाल्यावर एक दिवस ती माझ्याजवळ आली आणि मान खाली घालून म्हणाली, “बाई, पराट्या उपटल्या का मी येनार नाई.”

“काऊन?” मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी घरची बोली आपोआप यायची.

“तुमाले मालूम हाय काऊन ते,” ती म्हणाली. “मागल्या साली रस्त्यावरून एकानं दगड मारला होता. बाबाले कळलं तं ते घरीच बसवतीन.”

मला माहीत होतंच. मला रोजच माहीत असायचं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की निळा बाण कशाला आहे ते बघायचं.

पर्यवेक्षक वयस्कर होते, भले होते. मी शिक्षकखोलीत ते एकटे असताना गेले आणि सरळ सांगितलं. ते छताकडे बघायला लागले. एवढ्या मन लावून छताकडे बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण मी सगळं सांगितलं. शेत, पराट्या, दगड, सगळं. शेवटी ते म्हणाले, “समजलं, बाई. आडोशाची जागा पाहिजे. मी साहेबांच्या कानावर घालतो.” आणि त्यांनी खरोखर घातलं. कुणी ऐकायला चुकलं, कुणाचा गैरसमज झाला असं अजिबात झालं नाही. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाला नीट समजलं होतं, हे मी आज शपथेवर सांगेन.

फक्त प्रत्येकानं त्यात आपलं काहीतरी घातलं. मुख्याध्यापक म्हणाले, बांधायचीच तर पक्की बांधू, विटांची, सिमेंटची. चिटणीस म्हणाले, तपासणीला साहेब येतात त्यांना आल्या आल्या दिसली पाहिजे. ती गोष्ट अध्यक्षांपर्यंत पोचली तेव्हा ते तर एकदम खूश झाले. त्यांच्या आईच्या नावानं गावात काहीतरी करायचं त्यांच्या डोक्यात होतंच. “लेकीबाळीची सोय हाय, पुन्याचं काम हाय,” ते म्हणाले म्हणे, आणि विटांची पहिली गाडी त्याच आठवड्यात आली.

गाडी येऊन फाटकाजवळ रिकामी झाली. मला वाटलं, मजूर नंतर विटा मागे नेतील. दुसऱ्या दिवशी तिथेच पाया खणायला सुरुवात झाली. फाटकाच्या आत उजव्या हाताला, रस्त्यापासून पाच-सात पावलांवर, दार पाराकडे.

मी धावत पर्यवेक्षकांकडे गेले. ते मुख्याध्यापकांकडे गेले. निरोप आला की जागेचा निर्णय वर झालेला आहे. मग माझं डोकं फिरलं आणि मी मधली पायरी गाळून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. “सर, तिथं एकही मुलगी जायची नाही,” मी म्हणाले.

“का?” त्यांनी खरोखरच विचारलं. तिरकसपणा नव्हता त्यात. त्या माणसाला खरंच कळत नव्हतं.

मी काय सांगणार होते? पारावरची माणसं बघतात, कोण केव्हा गेलं, किती वेळ लागला, हे मी त्या स्वच्छ टेबलासमोर उभी राहून कुठल्या शब्दांत सांगणार होते? पाराकडे बोट दाखवून मी “ते... समोर...” एवढंच म्हणाले. त्यांनी खिडकीतून बघितलं. त्यांना पार दिसला, पारावरची माणसं दिसली. “त्यांचा शाळेशी काही संबंध नाही,” ते म्हणाले, आणि मागच्या तक्त्याकडे बघितलं. त्या तक्त्यात पार नव्हता हे अगदी खरं होतं.

सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं. होय, मुतारीचं उद्घाटन. आमच्या संस्थेत नळाच्या तोटीचंसुद्धा उद्घाटन व्हायचं, मग ही तर पक्की इमारत. झेंडावंदन झाल्यावर सगळा गाव फाटकाजवळ जमला. दारावर अध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावाची संगमरवरी पाटी, तिला झेंडूचा हार, दाराला लाल फीत. माझ्या मुलींना स्वागतगीत म्हणायला उभं केलं होतं. गीत मीच बसवून घेतलं होतं, कारण तसा तांबडा बाण खाली आला होता. मळ्यातल्या त्या मुलीच्या हातात कात्रीचं तबक होतं.

अध्यक्ष दिलदार माणूस. त्यांनी भाषणात माझं तोंड भरून कौतुक केलं. “ह्या बाईनं मांगनी केली. म्हनल्या, आमची लय अडचन होऊन राह्यली. म्हनलं, बाई, तुमी काई फिकीर करू नका.” मग मुलींकडे वळून म्हणाले, “पोरीहो, आता लाजाचं काम नाई. सरकार म्हन्ते शिका, आमी म्हन्तो शिका. ज्यायले जाचं त्यायनं खुशाल जावं!” माणसं हसली. वाईट हेतूनं नाही, जशी सभेत हसतात तशी. मळ्यातल्या मुलीचे वडील त्या हसणाऱ्यांमध्येच उभे होते आणि तेवढे एकटे हसत नव्हते. मी जमिनीकडे बघत होते. माझ्या बाजूला आठ-दहा मुली जमिनीकडे बघत होत्या. टाळ्या वाजत होत्या आणि त्या माझ्यासाठी वाजत होत्या.

मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, “चाबी कोनापाशी राहीन, भाऊ?”

कारण दाराला कुलूप होतं. बाहेरच्या माणसांनी घाण करू नये म्हणून लावलेलं, चांगलं पितळी. मुख्याध्यापक पुढे आले आणि व्यवस्था समजावून सांगितली. किल्ली कार्यालयात राहील. मुलीनं वर्गशिक्षकांकडे परवानगी मागावी. वर्गशिक्षकांनी पर्यवेक्षकांना कळवावं. पर्यवेक्षक शिपायामार्फत कार्यालयातून किल्ली मागवतील. काम झाल्यावर किल्ली त्याच मार्गानं परत यावी. हे त्यांनी सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात, एकही शब्द न चाचरता सांगितलं. त्यांना वाटत होतं, आपण चोख बंदोबस्त केला. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला त्यांची कीवसुद्धा आली, आणि मग त्या किवेचाही राग आला.

महिना होत आला. कुलूप उघडलं गेलं नाही. मुली अजून शेतातच जायच्या, पण वेचणी उरकत आली होती आणि शेतवाल्यानं एका कडेनं पराट्या उपटायला माणसं लावली होती. रोज उघडी जमीन थोडी थोडी आमच्याकडे सरकत होती. मळ्यातली मुलगी खिडकीतून तिकडे बघायची.

मला वाटलं, कुणीतरी एकदा गेलं पाहिजे. बाई गेली तर मुलींची भीड चेपेल. एकदा चेपली की पारावरचीही चार दिवसांत सवयीनं कंटाळतील. हा विचार मला अजूनही चुकीचा वाटत नाही. तो कुठल्याही शहाण्या माणसानं केला असता.

मधल्या सुटीत मी पर्यवेक्षकांकडे किल्ली मागितली. त्यांनी छताकडे बघत शिपायाला खूण केली. शिपाई कार्यालयात गेला. कार्यालयात मुख्याध्यापक नव्हते, ते पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला चिटणिसांबरोबर नव्या खोलीचं माप घेत होते. किल्ली त्यांच्या खिशात होती. शिपायानं काय करावं? तो ओट्यावर उभा राहिला आणि तिथूनच हाळी घातली.

“साहेब! बाई मुतारीची चाबी मांगून राह्यल्या!”

मधली सुटी होती. सगळी शाळा पटांगणात होती. खेळणारी मुलं थांबली. मला वाटलं, आत्ता पाय वळवावेत आणि जे धामणगावला जावं ते परत येऊच नये. पण माझ्या मुली भिंतीशी बसून डबा खात होत्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मुख्याध्यापकांनी खिशातून किल्ली काढली, शिपायाला दिली, शिपायानं पर्यवेक्षकांना दिली, पर्यवेक्षकांनी मला दिली. एकही पायरी गळाली नाही. मी किल्ली घेऊन चालायला लागले. पटांगणाच्या एका टोकापासून फाटकापर्यंत कधी एवढं अंतर होतं असं मला वाटलं नव्हतं. मुलं बाजूला होऊन मला वाट देत होती, मिरवणुकीला देतात तशी. पारावरच्यांनी विड्या तोंडातून काढल्या. कुलूप नवं असल्यामुळे लवकर उघडेना. मी पाठमोरी उभी होते आणि मागे कुणीतरी म्हणालं, “डाव्या अंगाले फिरवा, बाई.”

आत गेले तर आतून कडी नव्हती. कुलूप बाहेरून लावायचं म्हणून सगळा विचार बाहेरचाच झाला होता. मी एका हातानं दार ओढून धरून उभी राहिले. मी काहीच केलं नाही. भिंतीला नवा चुना होता, त्याचा वास येत होता, आणि मी नुसती दार धरून रडत होते. मग तोंड पुसलं, बाहेर आले, कुलूप लावलं, आणि तेवढंच अंतर परत चालत आले.

दुसऱ्या दिवशी मळ्यातली मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. मला आशा वाटली. मी विचारलं, “मंग? पाह्यलं ना? काई होत नाई.”

ती म्हणाली, “बाई, तुमी पुन्ना नका जाऊ.”

“काऊन?”

“तुमाले पाहून आमालेच लाज वाटली.”

तिनं ते फार हळू, फार मायेनं सांगितलं. मला तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात शेवटच्या पराट्या उपटल्या गेल्या आणि तिचं येणं बंद झालं. तिच्यामागोमाग बाकीच्या.

तक्त्याची माझ्यापुरती तेव्हाच वासलात लागली. पर्यवेक्षकांना न विचारता, कुणाला न सांगता, शाळा सुटली की मी मळ्यात जायला लागले. तिचे वडील पहिल्या दिवशी विहिरीच्या थारोळ्यावरून उठलेच नाहीत. मग म्हणाले, “बाई, तुमी चांगल्या हा. पन त्या दिवशी समद्यायसमोर माह्या पोरीले तबक धरून उभं केलं.” मी म्हणाले, मलाही उभं केलं होतं, दादा. शेवटी ते म्हणाले, परीक्षेला बसू देतो, पण पोरगी शाळेत जाणार नाही आणि पेपरला तुम्ही सोबत गेलं पाहिजे. मी हो म्हटलं. वांग्यांच्या वाफ्याशेजारी पोतं टाकून आम्ही भूमिती केली, इंग्रजी केलं. मुख्याध्यापकांना ते कळलंच. मला ताकीद मिळाली, अर्थात पर्यवेक्षकांमार्फत. मी पर्यवेक्षकांना म्हणाले, त्याच मार्गानं माझं उत्तर वर कळवा, मी जाणार. बिचारे पुन्हा छताकडे बघायला लागले.

परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावी, मुलांच्या हायस्कुलात होतं. आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो. ऊन कडक होतं. बाकीची सगळी मुलं, तीनशेच्या वर असतील, आणि ही एकटी परकर-पोलक्यात, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. सकाळी एक पेपर, दुपारी एक. मी दिवसभर बाहेर निंबाखाली बसून होते आणि तिला किती प्रश्न येतील, कुठलं प्रमेय विचारतील, एवढाच विचार करत होते. दुपारच्या सुटीत ती आली, भाकरीचे दोन घास खाल्ले, पुस्तक चाळलं आणि आत गेली. संध्याकाळी घंटा झाल्यावर बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि त्यांची सालं निघाली होती. मी घाबरले. विचारलं, पेपर अवघड होता का?

“नाई, बाई. समदे सोडवले,” ती म्हणाली. मग माझ्या जवळ आली आणि आवाज खाली घेऊन, गणिताची एखादी सोपी युक्ती सांगावी तसं हसून म्हणाली, “म्या काल दुपारपासून पानीच नाई पेलं. मंग एक डाव बी उठा नाई लागलं.”

सगळे पेपर संपेपर्यंत ती तसंच करणार होती, तिनं ठरवलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आपल्या बाई काय म्हणतात ते ऐकायला. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवून “शाबास” म्हणाले.